नलूचे गुडघे

गुणवंतीला नलूच्या दागिन्यांचा कधी हेवा वाटला नाही. साड्यांचा नाही, पोरांच्या मार्कांचा नाही, गणपतीत तिच्या घरी येणाऱ्या माणसांचाही नाही. तिला हेवा वाटायचा तो नलूच्या आजारपणांचा. हे ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण ऐकणाऱ्याने तिलाच वेड्यात काढलं असतं. पण ते खरं होतं, आणि पंचवीस वर्षं खरं होतं.

दोघींच्या खोल्या लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीला भिंत लागून. गुणवंती घाटावरची, पाटण बाजूची. नलू देवगडकडची. लग्न होऊन दोघी एका वर्षाच्या अंतराने मुंबईत आल्या. दोघींचे नवरे एकाच गिरणीत, एकाच साळखात्यात, कापड विणायच्या कामावर. गुणवंतीचा कुशाबा आणि नलूचा भिवा शेजारशेजारच्या साच्यांवर उभे राहायचे. दोघांच्या पगारातून विम्याचे पैसे परस्पर कापले जायचे आणि त्याबदल्यात दोन्ही घरांत विम्याचं कार्ड असायचं. पोराला ताप आला, बाईचं डोकं दुखलं, कार्ड घ्यायचं आणि कोपऱ्यावरच्या विम्याच्या डॉक्टरकडे जायचं. बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवलेलं गुलाबी औषध मिळायचं. त्या दिवसांत त्या कार्डाचं कुणाला कौतुक नव्हतं. नळाला पाणी येतं तसं ते होतं.

मग ब्याऐंशी साली संप लागला.

भाडं थकेल, वाणी बोलेल, पोरांना गावी धाडावं लागेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कार्डाचा विचार कुणी केला नव्हता. पगार नाही म्हणून कपात नाही, आणि कपात नाही म्हणून काही महिन्यांनी कार्डही बंद. गुणवंतीला ते कळलं तेव्हा तिची मुलगी बेबी सहा वर्षांची होती, कान फुटून रडत होती. कंपाउंडरने कार्ड हातात घेतलं, वर-खाली पाहिलं आणि परत दिलं.

"वहिनी, हे आता चालत नाही."

"असं कसं चालत नाही? इतकी वर्षं चाललं की."

"मी काय करू? वरून आलंय."

तिने परतीच्या वाटेवर बेबीच्या कानात लसणाचं तेल घालायचं ठरवलं आणि घातलंही. कान बरा झाला. पण त्या कानाने बेबीला पुढे जन्मभर जरा कमीच ऐकू आलं.

अकरा महिन्यांनी भिवा कामावर परत गेला. सकाळी अंधारातच, पोलिसांच्या बंदोबस्तात. चाळीत कुणी त्याच्यावर दगड मारला नाही, कुणी शिवीही दिली नाही. कुशाबाने फक्त त्याच्याशी बोलणं सोडलं. वीस वर्षं शेजारच्या साच्यावर उभा राहिलेला माणूस समोरून आला तर कुशाबा गॅलरीच्या कठड्याकडे तोंड करून उभा राहायचा. बायकांना मात्र तसं करता येत नव्हतं. नळ एक, वाळत घालायची दोरी एक. त्या बोलत राहिल्या.

कुशाबा संपाच्या शेवटापर्यंत बाहेर राहिला, म्हणजे कायमचाच बाहेर राहिला. पुढे त्याने दादरला एका सोसायटीत वॉचमनकी धरली. गुणवंतीने दादरच्याच एका डबेवाल्या बाईला चपात्या करून द्यायला सुरुवात केली. रोज तीनशे. ओट्याशी उभं राहून, पहाटेपासून बारा वाजेपर्यंत.

आणि भिवाचं कार्ड पुन्हा सुरू झालं.

चौऱ्याऐंशी साली दोघींना एकच दुखणं लागलं. अंगावरून जायचं ते थांबेचना. दोघी नळावर एकमेकींना सांगायच्या, आज किती, काल किती. नलू विम्याच्या हॉस्पिटलात गेली. तिथे पिशवी काढायची ठरली. बारा दिवस ती तिथे राहिली आणि मग दीड महिना घरी झोपून. गुणवंती म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, नीट समजावलं. तीन आठवड्यांनी खाट मिळेल, नंतर दीड महिना उभं राहायचं नाही. गुणवंतीने मान हलवली, घरी आली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. दीड महिना चपात्या गेल्या नाहीत तर डबेवाली दुसरी बाई बघणार होती. ती जुन्या धोतराच्या घड्या कमरेला बांधून ओट्याशी उभी राहिली. पुढली चार वर्षं, वयाने सगळं आपोआप थांबेपर्यंत.

नलूला बघायला ती डबा घेऊन गेली, तो दिवस तिच्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही. दुपारची वेळ. नलू पलंगावर, पाठीला दोन उशा. भिवा स्टोव्हवर चहा करत होता आणि कप तिच्या हातात देत होता.

"डॉक्टरान सांगल्यान, दीड म्हयनो वाकूचा नाय गो," नलू म्हणाली. "बसून बसून मेला कंटाळा येतो."

गुणवंती हसली. म्हणाली, "घे की आराम, कधी मिळतो बाईमाणसाला?" पण तिची नजर पलंगावरून हटेना. नवऱ्याने केलेला तो चहा, त्या दोन उशा, तो कंटाळा. कंटाळा येण्याइतकं झोपून राहायला मिळणं. घरी येऊन तिने पिठाचा गोळा असा काही आपटला की कुशाबा दचकला.

त्यानंतर ती नलूचं प्रत्येक दुखणं मोजत राहिली. नलूला शिंक आली की नलू डॉक्टरकडे. कंबर धरली की पट्टा. रात्री झोप लागली नाही तर त्यालाही गोळी. गुणवंती पाच दिवसांचं औषध लिहून दिलं तर दोन दिवसांचं घ्यायची. ताप उतरला की उरलेली गोळी रुमालाच्या टोकाला बांधून ठेवायची, पुढच्या तापाला. दाढ दुखली की लवंग. दोन दाढा शाळेतल्या फुकट शिबिरात उपटून घेतल्या, आणि तिसरी उगाच, ती तितकीशी दुखत नव्हती. पण शिबिर पुन्हा कधी येईल कोण जाणे.

"त्या नलूला काही होत नाही," ती कुशाबाला म्हणायची. "कार्ड आहे म्हणून होतं."

"आणि तुला कार्ड नाही म्हणून होत नाही," कुशाबा म्हणायचा. "बरंय की." त्याला हे विनोदाने घेता यायचं. गुणवंतीला यायचं नाही.

वर्षं गेली. गिरणी बंद पडली, भिवाचंही कार्ड संपलं. गुणवंतीला वाटलं, आता झाली दोघींची बरोबरी. पण ती काही फार दिवस टिकली नाही. नलूचा थोरला सीताराम बँकेत चिकटला, अधिकारी झाला, आणि बँकेच्या मेडिक्लेममध्ये त्याने आईबापांची नावं घातली. आता तर विचारायलाच नको. पूर्वीचं कार्ड निदान रांगेत उभं करायचं. हे नवीन कार्ड एसीच्या दारातून आत न्यायचं. नलूचा मोतीबिंदू निघाला, दोन दिवस ती काळा चष्मा लावून गॅलरीत बसली. मग पित्ताचे खडे. मग तीन दिवस नुसत्या तपासण्यांसाठीच ॲडमिट. "कॅशलेस गो," ती सगळ्यांना सांगायची, आणि तो शब्द तोंडात गोळीसारखा घोळवायची. "आपण एक पैसो काढूचो नाय."

बेबी तोवर बी.कॉम. होऊन परळच्या एका काचेच्या इमारतीत हिशोबाच्या कामाला लागली होती. तिने लग्न केलं नव्हतं, आईबापांबरोबरच राहायची. दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये तिच्या ऑफिसने कर्मचाऱ्यांच्या आईबापांनाही विम्यात घेतलं. एका संध्याकाळी तिने दोन प्लास्टिकची कार्डं आईच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"मेडिक्लेम. तुझं आणि बाबांचं. आता हॉस्पिटलात जायचं झालं तर घाबरायचं नाही."

गुणवंतीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्यावर तिचं नाव इंग्रजीत होतं. स्वतःच्या नावाचं विम्याचं पहिलंच कार्ड. जुन्या कार्डावर कुशाबाचंच नाव असायचं आणि ती त्याखाली.

"यावर दात बसतात?"

"नाही."

"चष्मा?"

"नाही गं आई. ॲडमिट झालं तरच."

गुणवंतीने थोडा विचार केला. "मग मला ॲडमिट कर."

बेबी आणि कुशाबा पोट धरून हसले. गुणवंती हसली नाही. ती मनापासून बोलली होती.

त्याच दिवाळीच्या आधी नलूने दोन्ही गुडघे बदलून घेतले. दोन्ही, एका झटक्यात. गुणवंती तिला बघायला परळच्या त्या खासगी हॉस्पिटलात गेली. स्वतंत्र खोली, पडदे, टीव्ही, बटण दाबलं की वर उचलला जाणारा पलंग. नर्स दारावर टकटक करून आत आली. "मावशी, चहा घेणार की कॉफी?" असं तिने नलूला विचारलं. गुणवंती पाहुण्यांच्या खुर्चीत बसली होती आणि तिचा स्वतःचा उजवा गुडघा त्याच वेळी ठणकत होता. पंचवीस वर्षं ओट्याशी उभं राहून तो गुडघा झिजला होता. नलू कुठे उभी राहिली होती? कशाने झिजले तिचे?

महिन्याभरात नलू गॅलरीत वॉकर घेऊन चालायला लागली, मग वॉकरशिवाय. मग एक दिवस हात मोकळे सोडून, पदर खोचून, थेट टोकापर्यंत गेली आणि परत आली. गुणवंतीच्या दारासमोर जरा थांबली. "बघ गो," म्हणाली. "कायच वाटत नाय."

गुणवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती बेबीला घेऊन त्याच डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघा वाकवून पाहिला. "झिजलाय," ते म्हणाले. "पण लगेच करायलाच पाहिजे असं नाही. वजन थोडं उतरवा, व्यायाम शिकवतो तो करा, उभ्याचं काम बंद करा. वर्ष-दोन वर्षं आरामात निघतील."

"माझं कार्ड आहे," गुणवंती म्हणाली.

डॉक्टरांनी कार्डाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग करायचं असेल तर करू," ते म्हणाले. "तुमची मर्जी."

बाहेर आल्यावर बेबीने तिला समजावलं. विमा तीन लाखांचा आहे, पण तो तिघांत मिळून. एका गुडघ्यालाच त्यातले दोनाहून जास्त जातील. नवीन वर्ष एक एप्रिलला लागतं. "बाबांना जिना चढताना दम लागतो, बघतेस ना? आधी त्यांना दाखवू. काही निघालं तर हाताशी पैसे राहू देत. तुझं आपण उन्हाळ्यात करू."

"त्यांना काय धाड भरलीय? विड्या ओढतात म्हणून दम लागतो."

"चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, आई."

"चार महिने!" गुणवंती रस्त्यातच उभी राहिली. "मी पंचवीस वर्षं थांबले, तेव्हा कुठे गेला होता तुझा हिशोब? ती शेजारीण दोन्ही पायांनी नाचते आणि मी लंगडत तिला बघू? तुझं कार्ड तुझ्याजवळ ठेव. मला म्हातारीला काय करायचंय!"

घरी कुशाबाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "करू दे तिला. तिच्या वाटचं काय झालंय आजवर?"

फेब्रुवारीत गुणवंतीचा उजवा गुडघा बदलला.

दुखलं. फार दुखलं. पण पहिले दोन दिवस सरल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा पाठीला दोन उशा घेतल्या. तिने बटण दाबून पलंग वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. नर्सने टकटक केली, चहा की कॉफी विचारलं. तिला कॉफी मुळीच आवडत नव्हती. तिने कॉफी सांगितली. तिसऱ्या दिवशी नलू भेटायला आली आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसली. गुणवंतीने मुद्दाम नर्सला हाक मारली आणि पडदा जरासा सरकवून घेतला.

"बसून बसून कंटाळा येतो बाई," ती नलूला म्हणाली.

हे एक वाक्य बोलण्यासाठी ती चोवीस वर्षं थांबली होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कुशाबा नळावरून कळशी आणताना मध्येच टेकला. छातीत दुखतं असं म्हणाला नाही. पित्त झालं म्हणाला. बेबी ऐकेना. तिने त्याला टॅक्सीत घातलं आणि त्याच हॉस्पिटलात नेलं. तार घालून हृदयाची आतून तपासणी झाली. दोन नळ्या तुंबल्या होत्या, एक जवळजवळ पूर्ण. डॉक्टर म्हणाले, स्टेंट घालावे लागतील, लवकर घातलेले बरे.

खाली विम्याच्या खिडकीवर बसलेल्या मुलीने कीबोर्ड बडवला आणि पडद्याकडे पाहतच सांगितलं, "मॅडम, तुमच्या पॉलिसीत यंदा फार शिल्लक नाही. फेब्रुवारीत एक क्लेम झालाय."

गुणवंती वॉकर धरून शेजारीच उभी होती. तो क्लेम ती स्वतःच्या पायात घेऊन उभी होती.

बेबी म्हणाली, "मी पीएफमधून काढते. ऑफिसात बोलते."

"काही काढायचं नाही," कुशाबा म्हणाला. तो व्हीलचेअरवर बसला होता, पण आवाज जुनाच होता. "एक एप्रिलला किती दिवस आहेत?"

"एकोणीस."

"मग एकोणीस दिवसांनी येऊ. मी दीड वर्ष गेटबाहेर उभा होतो. एकोणीस दिवस काय घेऊन बसलीस?"

"बाबा, हा संप नाहीये!"

"तुझ्या म्हातारपणाचे पैसे माझ्या छातीत घालायचे नाहीत. संपलं."

डॉक्टरांना हे आवडलं नाही. पण त्यांनी गोळ्या दिल्या, एक जिभेखाली ठेवायची दिली आणि बजावलं: जिना नाही, ओझं नाही, दुखलं आणि थांबलं नाही तर तसंच निघून यायचं.

ते दिवस गुणवंतीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या नाहीत, तिची हिंमत झाली नाही. कुशाबा दुपारी झोपला की ती त्याच्या पोटाकडे बघत बसायची. वर जातंय, खाली येतंय. तो एका शब्दाने तिला बोलला नाही. तो बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. एकदा तिनेच विषय काढला, "माझंच चुकलं." तर तो म्हणाला, "चालून दाखव बघू." ती चालली. "छान जमतंय," तो म्हणाला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने गुणवंतीला जिना चढ-उतार करायला सांगितलं होतं. बेबी ऑफिसात असायची. सव्वीस तारखेला दुपारी चारच्या सुमारास गुणवंती कठडा धरून उतरायला लागली. "एकटी जाऊ नकोस, पडशील," कुशाबा म्हणाला.

"तुम्ही उतरायचं नाही."

"दारातून बघतो."

ती एकेक पायरी मोजत पहिल्या मजल्यापर्यंत पोचली. नवा पाय आधी खाली, मग जुना. मागे पाहायची तिला भीती वाटत होती, तोल जाईल म्हणून. तिथून वळून वर बघते तो काय, कुशाबा तिच्या मागे चार पायऱ्यांवर बसला होता. एक हात पुढे केलेला, तिला सावरायला करतात तसा. चेहरा घामाने निथळत होता.

"अहो, कशाला आलात!"

"तू पडशील म्हणून," तो म्हणाला. मग त्याला बोलता येईना.

गुणवंतीने बोंब ठोकली. पहिला उतरून आला तो भिवा. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बनियनवरच, दोन-दोन पायऱ्या टाकत. त्याने कुशाबाच्या खिशात हात घालून गोळी काढली आणि त्याच्या जिभेखाली सारली. खालच्या मजल्यावरून खुर्ची मागवली. पंचवीस वर्षं ज्याच्याशी शब्द नव्हता त्याला त्याने खुर्चीत बसवलं, खुर्चीचे पुढचे पाय जमलेल्यांपैकी दोघांना धरायला लावले आणि पाठीचा भार स्वतः घेतला.

"सोड, भिवा," कुशाबा पुटपुटला.

"गप रव. मग भांड."

टॅक्सी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नेली, ते जवळ होतं. तिथे गर्दी होती, खाटेशेजारी खाट होती, पण तिथल्या पोरसवदा डॉक्टरांनी कुशाबाला मरणाच्या दारातून ओढून काढलं. पण तो सगळा वाचला नाही. हृदयाचा एक भाग मेला तो मेलाच, असं त्यांनी बेबीला स्पष्ट सांगितलं. आधीच स्टेंट पडले असते तर कदाचित तो भागही वाचला असता.

वॉर्डबाहेरच्या बाकावर गुणवंती आणि नलू दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी बसल्या होत्या. नलूने थर्मासमधून चहा ओतला आणि कप गुणवंतीच्या हातात दिला. तो घेताना गुणवंतीला रडू फुटलं.

"मी तुझं बघून केलं," ती म्हणाली. "बेबी सांगत होती थांब, आधी बाबांना दाखवू. डॉक्टर सांगत होते थांब. तू गॅलरीत हात सोडून चाललीस आणि माझं डोकं फिरलं."

नलूने साडी जरा वर केली आणि डावा गुडघा दाखवला. तो उजव्याच्या दीडपट सुजलेला होता.

"ह्यो तसोच आसा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. उजवो दुखायचो तो केल्यान, बरो झालो. डावो काय एवढो दुखत नव्हतो गो. डॉक्टर म्हणाले, लिमिटमध्ये दोन्ही बसतायत, एकदम करून टाका. सीताराम म्हणाला, पैसे काय आपले जाणार? केला. तेव्हापासून जमिनीवर बसूक येत नाय, नीट झोपूक येत नाय."

"आणि त्या दिवशी चालून दाखवलंस ते?"

"दोन गोळ्या खाल्ल्या होत्या दुखण्याच्या." नलूने साडी खाली सोडली. "तुझ्या दारासमोरून जावचा होता ना."

गुणवंतीने डोळे पुसले. आत नवरा नळ्या लावून पडला होता, हातात नलूचा चहा होता, आणि अशा वेळी मनात यावं ते न येता तिच्या मनात भलतंच आलं: माझा गुडघा हिच्यापेक्षा चांगला झाला. तिला स्वतःची शरम वाटली. पण आलं ते आलं.

एप्रिल लागला. चार तारखेला त्याच खासगी हॉस्पिटलात कुशाबाला स्टेंट घातले. खिडकीवरच्या मुलीने या वेळी हसून शिक्का मारला. बेबीने शेवटपर्यंत आईला एका अक्षराने दोष दिला नाही, फक्त त्या महिन्यापासून दोन्ही कार्डं ती आपल्या पर्समध्ये ठेवू लागली. गुणवंतीने ती कधी परत मागितली नाहीत. पुढे तिला साधा खोकला आला तरी ती आधी विचारायची, "याने तुमच्यातलं कमी नाही ना होत?" बेबीने शंभरदा सांगितलं की डॉक्टरला नुसतं दाखवण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तिचा विश्वास बसला नाही.

कुशाबाला खुर्चीतून वर आणलं, त्यानंतर तो पुन्हा खाली उतरला नाही. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्याची खुर्ची पडली. गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज, सभा, मोर्चे, सगळं त्याने तिथे बसूनच ऐकलं. बोलायला त्याच्याजवळ आता एकच माणूस रोज असायचा, भिवा. भिवा सकाळी खाली जाऊन पेपर आणायचा, दोघांत वाटून वाचायचा, दुपारी पत्ते. संपाबद्दल ते बोलले का, ते गुणवंतीला कधी कळलं नाही. एकदा फक्त तिने ऐकलं. कुशाबा म्हणाला, "गेलास ते गेलास, मला सांगून तरी जायचं." भिवा म्हणाला, "सांगितलं असतं तर जाता आलं नसतं."

कुशाबा त्यानंतर सहा वर्षं जगला. सामान, औषधं, बिलं, सगळं गुणवंतीने आणलं, दिवसातून चार वेळा जिना चढून-उतरून. नलूला ते जमत नव्हतं. तिचीही भाजी गुणवंतीच आणायची. नलू गॅलरीतून तिला वर येताना बघायची आणि तोंड फिरवायची. गुणवंतीला ते दिसायचं. तिला ते ओळखीचं होतं.

आणि तिचं स्वतःचं? ते काही गेलं नाही. रोज सकाळी आठच्या सुमारास जिन्यावर भिवाची पावलं वाजायची. धप, धप, न थांबता, दोन मजले. सत्तरीचा माणूस वर यायचा आणि धाप न लागता एका दमात कुशाबाला बातम्या सांगायला लागायचा. कुशाबा ऐकत असायचा, एकेक वाक्य दोन श्वासांत तोडून उत्तर द्यायचा. गुणवंती आत ओट्याशी उभी असायची आणि तिला तोच जुना हेवा वाटायचा. याने चढावं आणि त्याने बसावं.

मग ती दोघांचा चहा ओतायची, भिवाला साखर कमी लागते ते लक्षात ठेवून, आणि बाहेर नेऊन द्यायची.